बत्तीसशेचा जॉर्डन: फर्स्ट कॉपी घ्यायची की नाही?

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी बसमध्ये, कुणी मेसमधून जेवून रूमवर चालत निघाला असाल. चालत असाल तर एक सेकंद खाली बघा. पायात काय आहे? आजचा एपिसोड त्याच्यावर आहे. फर्स्ट कॉपी स्नीकर्स घ्यायचे की नाही.

आधीच सांगतो, ‘ओरिजिनलच घाला, नाहीतर घालू नका’ असलं काही मी बोलणार नाहीये. पंधरा-अठरा हजारांचे शूज घेणं हे आपल्यातल्या बहुतेकांना झेपत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ‘सगळेच घेतात यार, काय फरक पडतो’ हेही मी म्हणणार नाही. फरक पडतो. कुठे पडतो आणि कुठे नाही, तेच आज नीट बघू.

ही फर्स्ट कॉपी म्हणजे नक्की काय?

इन्स्टाग्रामवर कुठलंही असं पेज उघडा. सेव्हन ए, टेन ए, मास्टर कॉपी, मिरर क्वालिटी, यूए. ऐकायला एकदम अधिकृत वाटतं ना? जणू कुठेतरी प्रयोगशाळेत तपासून ग्रेड दिलाय. सोन्यावर हॉलमार्क असतो, त्यामागे सरकारी मानक असतं, तपासणी केंद्र असतं. ह्या सेव्हन ए आणि टेन एच्या मागे कुणीही नाही. विकणारा ठरवतो. आज जो जोड सेव्हन ए म्हणून पंचवीसशेला गेला, तोच उद्या दुसऱ्या पेजवर मास्टर कॉपी म्हणून साडेचार हजारांना लागलेला असू शकतो. ग्रेड म्हणजे इथे फक्त किमतीचं दुसरं नाव आहे.

बरं, हे येतं कुठून? जगातली सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातलं पुतियान शहर. तिथे आधी मोठमोठ्या ब्रँडसाठी शूज बनवणारे कारखाने आले. कारागीर तयार झाले, मशिनरी आली, सोल, चामडं, लेस पुरवणारे आले. आणि मग त्याच कौशल्यावर कॉपीचा धंदा उभा राहिला. म्हणजे कॉपी करणारे काही अडाणी लोक नाहीत. हात चांगले आहेत, म्हणूनच कॉपी चांगली निघते.

पण सगळा माल चीनचाच असतो असंही नाही. आपल्याकडे आग्रा आहे, दिल्लीच्या आसपासचे कारखाने आहेत. आणि मुंबईत, कुर्ला-चेंबूरच्या मधे ठक्कर बाप्पा कॉलनी आहे. छोट्या छोट्या खोल्यांत, पोटमाळ्यावर बसून माणसं शूज, सँडल, चपला बनवतात. लिंकिंग रोडवर किंवा पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर तुम्ही जे घेता, त्यातलं किती तरी असल्याच वर्कशॉपमधून आलेलं असतं. आणि त्या कारागिरांचं बहुतेक काम कॉपीचं नसतं, साधं बिनलोगोचं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईकरांना दीड गल्लीही माहीत असेल. कामाठीपुऱ्याजवळ शुक्रवारी पहाटे, उजेड व्हायच्या आधी भरणारा बाजार. मोबाइलच्या टॉर्चमध्ये शूज बघायचे, वाकवायचे, वास घ्यायचा, भाव करायचा. जुने, दुरुस्त केलेले, कॉपी, आणि कधी कधी खरोखरचे ओरिजिनल, सगळं एकाच ढिगात. तिथला विकणारा निदान तुमच्या समोर उभा असतो आणि माल तुमच्या हातात असतो. इन्स्टाच्या पेजवर ह्या दोन्ही गोष्टी नसतात.

‘भाऊ, सेम फॅक्टरीचा माल आहे’

हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ‘सरप्लस आहे’, ‘एक्स्पोर्ट रिजेक्ट आहे’, ‘रात्रीच्या शिफ्टला बनवलेला आहे’. ऐकायला गोड लागतं, कारण त्यात आपल्याला सुटका मिळते. कॉपी घेतोय असं वाटतच नाही, जुगाड केल्यासारखं वाटतं.

आता विचार करा. नाइकीचे जवळपास निम्मे शूज व्हिएतनाममध्ये बनतात, त्यानंतर इंडोनेशिया आणि चीन. असा एखादा कारखाना वर्षाला कोट्यवधी डॉलरच्या ऑर्डरवर चालतो. तो उल्हासनगरच्या एका पेजसाठी ती ऑर्डर धोक्यात घालेल? कधीतरी एखादा जोड मागच्या दाराने बाहेर पडतही असेल. पण तुमच्या साइजमध्ये, सहा रंगांत, ‘स्टॉक अव्हेलेबल, डीएम करा’ असा? नाही हो.

एक तपासणी सगळ्यांना करता येते. शूजच्या आत, जिभेच्या मागे छोटा टॅग असतो. त्यावर साइज, कुठे बनला तो देश आणि एक स्टाइल कोड असतो. तो कोड नेटवर टाका. त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा फोटो आला पाहिजे. बॉक्सवरच्या स्टिकरवरही तोच कोड पाहिजे. जुळला नाही तर माल नकली, विषय संपला. पण जुळला म्हणजे ओरिजिनल, असं मात्र समजू नका. कॉपी करणारा टॅगचीही कॉपी करतो. बॉक्स, बिल, क्यूआर कोड, टिश्यू पेपर, सगळ्याची करतो.

आणि हे ओळखणं किती अवघड झालंय बघा. अमेरिकेत स्टॉकएक्स नावाचा मोठा रिसेल प्लॅटफॉर्म आहे. ते प्रत्येक जोड तपासून पाठवतात, तोच त्यांचा धंदा. २०२२ मध्ये नाइकीने कोर्टात सांगितलं की आम्ही तिथून शूज मागवले आणि त्यात चार जोड नकली निघाले. २०२५ मध्ये न्यायालयाने एकूण ३७ नकली जोडांच्या विक्रीसाठी स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. पगारी तपासनीस ठेवलेल्या कंपनीची ही गत. मग आपण तीन फोटो बघून ‘लेगिट वाटतंय’ म्हणतो, त्याला काय अर्थ आहे?

‘बनवायला तर दोन-तीन हजारच लागतात’

हा मुद्दा मला पटतो. अर्धा पटतो. ब्रँडेड शूजच्या दुकानातल्या किमतीपैकी कारखान्याला मिळणारा भाग ढोबळमानाने पाव असतो. बाकी वाहतूक, ड्युटी, जाहिरात, खेळाडूंचे करार, ब्रँडचा नफा, आणि मोठा वाटा दुकानदाराच्या मार्जिनचा. म्हणजे बारा हजारांच्या शूजमध्ये वस्तू म्हणून बारा हजारांचं काही नसतं, हे खरं आहे.

शिवाय ह्या ब्रँडचे हातही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. १९९० च्या दशकात नाइकीच्या आशियातल्या कारखान्यांमधली मजुरी आणि कामाचे तास ह्यावरून जगभर बोंब झाली. इतकी, की १९९८ मध्ये कंपनीचे संस्थापक फिल नाइट ह्यांना जाहीर भाषणात मान्य करावं लागलं की आमचं नाव तुटपुंज्या पगाराशी जोडलं गेलंय. २००५ मध्ये कंपनीने आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. लोकांनी प्रश्न विचारले म्हणून हे झालं. आता कॉपीच्या कारखान्याला असा प्रश्न कुठे विचारणार? त्याचा पत्ताच नाही. तिथे कामगाराला किती मिळतं, चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास घेत तो किती तास बसतो, काही कळायला मार्ग नाही.

पण मुख्य गोष्ट पुढे आहे. ‘किमतीतला मोठा भाग नावाचाच असतो’ हे पटलं, तर त्यातून काय निघतं? ते नाव नको, असं निघतं. आपण मात्र काय करतो? नावाला शिव्या देतो, आणि शूज घेताना तेच नाव छापलेला जोड घेतो. नाव फुकटचं वाटत असेल तर बिनानावाचा घ्या ना. घेत नाही, कारण आपल्याला नावच हवं असतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काय उगाच?

कोल्हापुरीच्या वेळी आपण काय म्हणालो होतो?

जून २०२५ आठवतोय? मिलानमध्ये प्राडाचा फॅशन शो झाला आणि मॉडेलच्या पायात काय, तर हुबेहूब कोल्हापुरी चप्पल. शोमध्ये त्यांनी त्यांना नुसतं लेदर सँडल म्हटलं. कोल्हापूरचा उल्लेख नाही. आपल्याकडे काय राडा झाला! स्टोऱ्या, मीम्स, रील्स. ‘आमची चप्पल चोरली’. आणि राग बरोबर होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे जीआय. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं, हाताने शिवण घातली, त्यांचं नावसुद्धा नाही आणि माल विकणार इटलीतला ब्रँड. आरडाओरडा झाल्यावर प्राडाने लेखी मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या ह्या चपलांची आहे. पुढे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारापर्यंत गोष्ट गेली.

आता मला कुणी म्हणेल, ‘दादा, ते गरिबाचं चोरत होते, आपण श्रीमंताचं चोरतोय.’ ठीक आहे, फरक आहे. कोल्हापूरच्या कारागिराचं आणि अमेरिकेतल्या कंपनीचं नुकसान एकाच तराजूत मी तोलणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. राग कशाचा आला होता? आकार उचलला म्हणून थोडा, पण नाव गाळलं म्हणून जास्त. वस्तू कुणाची आहे हे खरं सांगितलं नाही म्हणून. फर्स्ट कॉपीत नेमकं उलट्या बाजूने तेच होतं. जे त्याने बनवलेलं नाही, त्यावर त्याचं नाव टाकतात.

आणि म्हणूनच एक फरक डोक्यात पक्का ठेवा. सारखं दिसणं वेगळं आणि खोटं नाव लावणं वेगळं. पांढऱ्या रंगाचा, साध्या आकाराचा स्नीकर शंभर कंपन्या बनवतात. एकीने दुसरीचं बघितलेलं असतं. जपानच्या बेप ब्रँडने नाइकीच्या एअर फोर्स वनसारखाच दिसणारा शूज काढला, नाइकीच्या खुणेच्या जागी स्वतःचा तारा लावला आणि वर्षानुवर्षं विकला. २०२३ मध्ये नाइकीने केस केली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि बेपला डिझाइन बदलावी लागली. म्हणजे तिथेही वाद होतात. पण बेपच्या तारेवाला शूज घालणाऱ्याने कधी कुणाला ‘हा नाइकी आहे’ असं सांगितलं नाही. ज्याला आजकाल ड्युप म्हणतात ते हेच. दिसायला त्या धर्तीचं, पण नाव स्वतःचं. माझ्या मते त्यात घेणाऱ्याने लाजण्यासारखं काही नाही.

पोलीस पकडतील का?

हा प्रश्न हमखास येतो. आपल्या देशात ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ आहे. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं, विक्रीसाठी जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. कलम १०३ आणि १०४. शिक्षा साधारण सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. दुकानांवर, गोदामांवर धाडी पडतात त्या ह्याच कायद्याखाली. स्वतःच्या पायात घालण्यासाठी एक जोड घेणाऱ्यावर हा कायदा बोट ठेवत नाही. त्यामुळे कॉलेजच्या गेटवर तुम्हाला कुणी अडवणार नाही.

पण दोन ठिकाणी जपा. एक, परदेशात शिकायला जाणारे. इटलीत नकली ब्रँडेड वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. फ्रान्समध्ये जवळ बाळगण्यावरूनही त्रास होऊ शकतो. तिकडे फूटपाथवरचा माल आपल्या फॅशन स्ट्रीटसारखा समजू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते इथे बसलेल्या अनेकांना लागू आहे. रिसेलिंग. ‘घरबसल्या कमवा, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जॉइन व्हा, फोटो स्टेटसला टाका, प्रत्येक जोडामागे तीनशे रुपये’. होस्टेलची किती पोरं हे करतात! खर्चाला पैसे मिळतात म्हणून वाईट वाटत नाही. पण त्या क्षणी तुम्ही घेणारे राहत नाही, विकणारे होता. कलम १०४ तुमच्यापर्यंत येतं. वरचा सप्लायर कोण, ते तुम्हाला माहीत नसतं. गिऱ्हाइकाकडे नंबर तुमचा, यूपीआय तुमचा, स्क्रीनशॉटवर नाव तुमचं. आणि जर ‘ओरिजिनल आहे’ सांगून विकलंत, तर ती सरळ फसवणूक आहे, त्याला वेगळं कलम आहे. पॉकेटमनीसाठी एवढा धोका घ्यायचा नाही. ह्या एका गोष्टीवर मी ठाम आहे, ह्यात ‘पण’ वगैरे काही नाही.

पायाला काय वाटतं?

लोगो डोळ्यांसाठी असतो, शूज पायांसाठी. कॉपीत बाहेरचं जेवढं दिसतं तेवढ्यावरच मेहनत घेतलेली असते, कारण फोटोत तेवढंच येतं. आतला फोम, टाचेचा आधार, इनसोल, चिकटवण, हे फोटोत येत नाही. ओरिजिनलमध्ये जिथे हवेची कुशन असते, तिथे कॉपीत पुष्कळदा साधा फोम भरलेला असतो. वरचं चामडं म्हणून सांगतात ते रेक्झिनसारखं सिंथेटिक. मग जुलै येतो. मुंबईचा किंवा कोकणातला पाऊस दोन आठवडे शूजला मिळाला की सोल तोंड उघडायला लागतो. कोपऱ्यावरचा मोची शिलाई मारून देतो, शूज आणखी काही महिने चालतो. पण त्या शिलाईनंतर मास्टर कॉपीतला ‘मास्टर’ निघून गेलेला असतो.

फिरायला, फोटोला, लग्नाला घालणार असाल तर हे चालून जाईल. पण पळायला, जिमला, बॅडमिंटनला किंवा पोलीस भरतीच्या ग्राउंडला कॉपी वापरू नका. कृपा करून. भरतीसाठी धावण्याची तयारी करणारी किती मुलं-मुली हा पॉडकास्ट ऐकतात मला माहीत आहे. त्यांच्यासाठी सांगतो: लोगोवाल्या नकली रनिंग शूजपेक्षा आपल्या देशी कंपनीचा हजार-दीड हजारांचा खरा स्पोर्ट्स शूज चांगला. नडगी दुखायला लागली की लोगो कामाला येत नाही.

पैसे पाठवण्याआधी

ह्या धंद्यात कॉपी मिळणं ही सगळ्यात वाईट गोष्ट नाही. काहीच न मिळणं ही आहे. पॅटर्न ठरलेला असतो. पेजला भरपूर फॉलोअर, कमेंट बंद. फोटो ब्रँडच्या वेबसाइटवरून उचललेले. ‘सीओडी आहे, पण पाचशे ॲडव्हान्स टाका, कन्फर्मेशनसाठी’. पाचशे गेले की ‘कुरिअरचं काहीतरी अडकलंय, अजून आठशे’. मग ब्लॉक. आणि कधी पार्सल येतं, पण आत भलतीच साइज, भलताच रंग. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर एक्स्चेंज नाही’ हे बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं असतं.

असं झालं तर गप्प बसू नका. ‘कॉपी घेत होतो, कुठल्या तोंडाने तक्रार करू’ असं पोरांना वाटतं आणि फसवणारा त्याच लाजेवर जगतो. पैसे घेऊन पळणं ही फसवणूकच आहे, माल कुठलाही असो. लगेच १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. आणि एखाद्या वेबसाइटने ओरिजिनल सांगून नकली माल पाठवला असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, चॅट, पार्सलचे फोटो, सगळं जपून ठेवा.

आता त्या व्हॉइस नोटचं उत्तर

ह्या विषयावर खूप मेसेज आले होते, त्यातली एक व्हॉइस नोट मला विसरता आली नाही. मुलगा लातूरकडचा, पुण्यात शिकतो. तो म्हणतो, ‘दादा, जॉर्डन वनची फर्स्ट कॉपी बत्तीसशेला मिळतेय. ओरिजिनल घ्यायचे तर घरी तोंड कसं दाखवू, बाबांचं सोयाबीन यंदा पावसात गेलंय. पण मेमध्ये ताईचं लग्न आहे आणि ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पायात काही ना काही आहे. घेऊ का? लेक्चर देऊ नको.’

लेक्चर देत नाही, हिशोब करू. बत्तीसशेचा जोड. समजा आठ महिने टिकला, म्हणजे साधारण दीडशे वेळा घातला. एका वेळचे एकवीस-बावीस रुपये पडले. आता दुसरा जोड धर. चार हजारांचा, चांगल्या कंपनीचा, खरा. दोन वर्षं, चारशे वेळा. एका वेळचे दहा रुपये. आकडे मी ढोबळ धरलेत, तू तुझे टाक. पण बघ, महाग कुठला ठरला?

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. फूटपाथवरचा सहाशेचा जोड, चुकीच्या स्पेलिंगचा, चार पट्ट्यांचा, तो कुणालाच फसवत नाही. घेणाऱ्याला माहीत असतं, बघणाऱ्यालाही माहीत असतं. डिलिव्हरी करणारा मुलगा तो घालतो, कारण त्याला शूज हवा असतो. त्याला कोण काय बोलणार? खरा सापळा मधल्या किमतीत आहे, तीन ते सहा हजारांत. कारण तेवढ्या पैशात खरा, चांगला, वॉरंटीचा शूज येतो. म्हणजे जास्तीचे पैसे तू शूजसाठी देतच नाहीस. लोकांना कळू नये, ह्यासाठी देतोस.

म्हणून एक परीक्षा सांगतो. ग्रुपमधल्या कुणी विचारलं, ‘कितीला घेतलेस रे?’, तर ‘फर्स्ट कॉपी आहे, बत्तीसशे’ असं एका दमात, हसत सांगता येईल का? येत असेल तर घे बाबा, मी आड येणार नाही. खराब झाले तर हळहळू नको, आणि कुणाला ओरिजिनल म्हणून विकू नको. पण सांगता येणार नसेल, कुणी पायाकडे बघितलं की पाय खुर्चीखाली जाणार असेल, तर घेऊ नको. ताईच्या लग्नात दिवसभर पळापळ तुलाच करायची आहे. वाढप्यांना बोलवायचं, पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं, मांडवात खुर्च्या मोजायच्या. त्या दिवशी पायात बिनधास्त वाटेल असं काहीतरी पाहिजे. आणि खरं सांगू? लग्नात तुझे शूज बघायला कुणाला वेळ नसतो. आणि कुर्त्याखाली कोल्हापुरी घातलीस तर फोटोही भारी येईल आणि पैसेही आपल्याच माणसाकडे जातील. फक्त आधी आठवडाभर घालून मऊ करून घे, नाहीतर चावते.

तरी स्नीकरच हवा असेल, तर रस्ते आहेत. सीझन संपतानाचे सेल, साधारण जानेवारी आणि जुलैच्या आसपास. मोठ्या ब्रँडची साधी मॉडेल्स तेव्हा बरीच खाली येतात. फॅक्टरी आउटलेटमध्ये मागच्या सीझनचा माल असतो, तिथे साइजच्या बाबतीत नशीब लागतं. हल्ली भारतीय स्नीकर ब्रँडही चांगले आलेत, बंगळुरूचा कॉमेट घ्या, चार-साडेचार हजारांच्या आसपास स्वतःच्या डिझाइनचे शूज देतो. आणि सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे थांबणं. कार्टमध्ये टाकून ठेव आणि एक महिना जाऊ दे. महिन्यानंतरही तेवढंच वाटलं तर ती हौस आहे, तिच्यासाठी पैसे साठव. विसरलास तर ते फक्त रील होतं.

एक शेवटचं, हे सगळ्यांसाठी. ग्रुपमध्ये कुणाच्या पायातला जोड नकली आहे हे कळलं, तर चारचौघांत ‘लेगिट चेक’ करू नका. अंथरूण पाहून पाय पसरा, असं लोक सहज म्हणतात. पण प्रत्येकाचं अंथरूण किती लांबीचं आहे, हे आपल्याला माहीत नसतं. पोरं कॉपी घेतात त्यामागे हौस असते तशी भीतीही असते. आपण कमी दिसू ही भीती. ती भीती नाइकीने निर्माण केली असं आपण म्हणू शकतो, पण ती रोज वाढवतो कोण? आपलाच कट्टा. ज्या ग्रुपमध्ये सहाशेच्या शूजवर कुणी हसत नाही, तिथे बत्तीसशेची कॉपी कुणाला लागत नाही.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमचं मत काय? तुमच्या गावात, तुमच्या शहरात चांगले, खरे आणि परवडणारे शूज कुठे मिळतात? दुकानाचं नाव, मोची काकांचा कट्टा, कोल्हापुरी शिवणारं एखादं घर, काहीही पाठवा, व्हॉइस नोट चालेल. पुढच्या वेळी त्यातलं निवडक सांगेन. तोवर जपून चाला, पावसात शूज वर्तमानपत्र भरून वाळवा, उन्हात टाकू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. नमस्कार.